विश्लेषण : दुर्लक्षित वस्तूंना चित्रात मोकळी जागा देणारे प्रभाकर बरवे कोण होते?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या दिशेने गेले, की पुढे पाली हे कोळ्यांचे गाव लागते. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, जाळ्यांचे ढीग, दोरखंडांची वेटोळी, रंगाचे रिकामे डबे, गंजलेले लोखंड, समुद्राने आणून टाकलेले शिंपले. सुटीच्या दिवशी इथे येणारे पर्यटक सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि या वस्तू फोटोत येऊ नयेत म्हणून मोबाइल जरा वर धरतात. यात त्यांची काही चूक नाही. कामाच्या वस्तूकडे कामापुरतेच पाहायचे आणि काम संपले की ती नजरेआड करायची, ही सवय सगळ्यांनाच असते. ही सवय मोडण्यासाठी एका मराठी चित्रकाराने आयुष्याची जवळपास पंचवीस वर्षे दिली. प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांचा किनारा पालीचा नव्हता, मुंबईच्या दुसऱ्या बाजूचा, अलिबागजवळच्या नागावचा होता. घड्याळाची तबकडी, वाळलेले पान, शंख, पीस, फळ, रिकामा खोका अशा वस्तू त्यांच्या चित्रांचा विषय झाल्या. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. चित्रकलेच्या वर्तुळाबाहेरच्या मराठी माणसाला मात्र ते आजही फारसे परिचित नाही.

नागावचा मुलगा चित्रकार कसा झाला?

बरवे यांचा जन्म १६ मार्च १९३६ रोजी नागाव येथे झाला. नारळी-पोफळीच्या वाड्यांचे हे गाव तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात आहे. घरात कला नवी नव्हती. वडील मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कलाकार म्हणून काम करत. प्रसिद्ध शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे त्यांच्या आधीच्या पिढीतले नातेवाईक. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे ते हेच. अलिबागजवळच्या सासवणे गावी करमरकरांच्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. तिथे गेलेल्यांच्या लक्षात थोरामोठ्यांच्या पुतळ्यांइतकीच एक म्हैसही राहते. गोठ्यातल्या जनावराला शिल्पाचा मान देणारा माणूस घराण्यात असणे, याचा पुढच्या पिढीतल्या मुलावर किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही. पण अशा घरात चित्र काढणे हा वेळेचा अपव्यय समजला जात नाही, एवढे नक्की.

१९५४ ते १९५९ या काळात बरवे यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. तो काळ महत्त्वाचा होता. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने मुंबईची चित्रकला ढवळून काढली होती. त्यातले सूझा लंडनला आणि रझा पॅरिसला निघून गेले होते. वासुदेव गायतोंडे अमूर्त चित्रांकडे वळत होते. जे.जे.त शंकर पळशीकरांसारखे शिक्षक होते. तरुण बरवे यांना मात्र स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले अधिक जवळचा वाटला. क्ले याची चित्रे लहान आकाराची, खेळकर रेषेची आणि चिन्हांनी भरलेली असत. बरवे यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर ही छाया स्पष्ट दिसते.

विणकरांच्या केंद्रात चित्रकाराचे काय काम?

चित्रे विकून घर चालवणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. १९६१ मध्ये बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली आणि ती दोन दशके केली. ही केंद्रे पन्नाशीच्या दशकात सुरू झाली आणि त्यामागे पुपुल जयकर यांचा पुढाकार होता. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकायचा असेल तर विणकरांना नवे नमुने मिळाले पाहिजेत आणि ते आधुनिक दृष्टीच्या चित्रकारांनी काढले पाहिजेत, असा त्यामागचा विचार होता. त्यामुळे के. जी. सुब्रमण्यन, जेराम पटेल, गौतम वाघेला, अकोल्याचे अंबादास खोब्रागडे अशी अनेक मोठी नावे कधी ना कधी या केंद्रांतून गेली. स्वतंत्र भारतातल्या चित्रकलेच्या इतिहासात या सरकारी खात्याचा वाटा किती मोठा आहे, हे अजून पुरेसे सांगितले गेलेले नाही.

हातमागासाठी नमुना काढणे हे कागदावर फूल काढण्याइतके सरळ नसते. नमुना चौकटीच्या कागदावर उतरवावा लागतो. प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांची एक भेट. कोणत्या भेटीत कोणता धागा वर राहील आणि कोणता खाली जाईल, हे आधी ठरते. बनारसी विणकामात तर कागदावरचा नमुना धाग्यांच्या जाळ्यात बांधून देणारे कारागीरच वेगळे असतात, त्यांना नक्शाबंद म्हणतात. या कामात बुट्टीइतकेच महत्त्व दोन बुट्ट्यांमधल्या रिकाम्या कापडाला असते. ती जागाही मोजूनच सोडावी लागते. चार घरे इकडची तिकडे झाली तर साडी बिघडते.

बरवे यांच्या पुढच्या चित्रांत वस्तू एकमेकींपासून ज्या अंतरावर ठेवलेल्या दिसतात, ते पाहताना या नोकरीची आठवण होते. समीक्षक त्यांच्या चित्रांतल्या अवकाशाबद्दल बरेच गूढ बोलतात. त्या अवकाशामागे वीस वर्षांची मोजणीही असावी, असे मानायला जागा आहे.

वाराणसीत काय सापडले आणि ते का सोडले?

नोकरीची पहिली वर्षे, १९६१ ते १९६५, वाराणसीत गेली. तिथे त्यांचा तंत्रमार्गाच्या चित्रपरंपरेशी परिचय झाला. यंत्रे, बिंदू, त्रिकोण, ठरलेले रंग आणि त्यांचे ठरलेले अर्थ. त्याच शहरात देवळांभोवतीच्या दुकानांत चकचकीत कागद, आरसे, कुंकवाच्या डब्या आणि छापील देवदेवता यांची रेलचेल होती. बरवे यांच्या त्या काळातल्या चित्रांत हे दोन्ही आले. भडक रंग आले, चिकटवलेले तुकडे आले, पत्त्यांतल्या राजाराणीसारख्या आकृती आल्या. ‘किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स’ हे १९६७ चे चित्र या टप्प्यातले सर्वांत परिचित आहे. इस्पिकचा राजा आणि इस्पिकची राणी ही जोडी पत्त्यांच्या डावातून उचलून त्यांनी जणू देव्हाऱ्यात बसवली.

साठच्या दशकाच्या अखेरीस तंत्रकलेला जगभर मागणी आली. अजित मुखर्जी यांच्या पुस्तकांनी पाश्चात्त्य वाचकांना तिची ओळख करून दिली. १९७१ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत तंत्र या विषयावर मोठे प्रदर्शन भरले. भारतात बिरेन डे, गुलाम रसूल संतोष अशा चित्रकारांची ओळखच या शैलीने झाली. परदेशी संग्राहकांना भारतीय वाटेल असे आधुनिक चित्र हवे होते आणि तंत्रकला ती गरज नेमकी भागवत होती. म्हणजे बरवे योग्य वेळी योग्य जागी होते. थोडे आणखी त्याच वाटेने गेले असते, तर नाव आणि पैसा दोन्ही लवकर मिळण्याची शक्यता होती.

त्यांनी सत्तरच्या दशकात ही वाट सोडली.

हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणता येईल. त्यामागचे कारण त्यांच्या नंतरच्या चित्रांतूनच उलगडते. तंत्रातले चिन्ह अर्थासकट येते. बिंदू काढला की त्याचा अर्थ शेकडो वर्षांपूर्वीच ठरलेला असतो. चित्रकाराने तो फक्त सुबकपणे मांडायचा आणि पाहणाऱ्याने ओळखायचा. वाळलेल्या पानाला असा आयता अर्थ नसतो. घड्याळाला उपयोग असतो, पण अर्थ नसतो. अशा वस्तूपासून सुरुवात केली, तर चित्रकाराला सगळे शून्यातून उभे करावे लागते. बरवे यांनी ही अवघड बाजू निवडली, तीही नोकरी सांभाळून आणि कुणी मागणी केलेली नसताना.

साध्या वस्तूचे चित्र म्हणजे नेमके काय?

टेबलावरची फळे आणि सुरया रंगवणे ही चित्रकलेतली जुनी गोष्ट आहे. जे.जे.च्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यालाही वस्तुचित्रण करावे लागते. मडके, कापड आणि दोन वांगी मांडून त्यावर उजेड कुठून पडतो ते पाहायचे. बरवे यांचे चित्र यापेक्षा वेगळे आहे आणि तो वेगळेपणा समजून घेतला तर त्यांची चित्रे अवघड राहत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या चित्रात टेबल नसते. बहुतेकदा जमीन नसते, भिंतही नसते. फिकट, सपाट, मोठी पार्श्वभूमी असते आणि तिच्यावर वस्तू टेकलेली नसते, नुसती असते. घड्याळ भिंतीवर असले की आपण वेळ पाहतो, घड्याळ पाहत नाही. भिंत काढून घेतली आणि काटेही निरुपयोगी केले, की वेळ पाहण्याची सोय संपते. मग गोल तबकडी दिसते, तिच्या कडेचे आकडे दिसतात, त्या आकड्यांमधली समान अंतरे दिसतात. वस्तू तीच असते, फक्त तिची नोकरी सुटलेली असते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. पान आणि डोंगर एकाच मापाचे होऊ शकतात. शंख ढगाएवढा होतो. यात चमत्कार दाखवण्याचा आव नाही. जमीन नसल्यामुळे जवळचे काय आणि दूरचे काय, हे ठरवणारेच कुणी उरत नाही. नागावच्या किनाऱ्यावर वाळूत बसून शिंपला डोळ्याजवळ धरलेल्या कोणत्याही मुलाने हे पाहिलेले असते. शिंपल्याची कड आणि क्षितिजाची रेघ तेव्हा एकाच लांबीची असते.

तिसरी गोष्ट सावलीची, आणि इथे बरवे खरे खट्याळ होतात. काही चित्रांत वस्तूची सावली वस्तूशी जुळत नाही. काही ठिकाणी वस्तू नाहीच, तिची बाह्यरेषा तेवढी आहे, जणू ती उचलून नेली आणि जागा तशीच राहिली. काही ठिकाणी वस्तूचा अर्धा भाग भरीव आणि अर्धा पोकळ असतो. बरेच वर्षे भिंतीवर असलेले कॅलेंडर काढले की खाली फिकट चौकोन उरतो. वस्तू गेल्यावरच तिची जागा दिसते. बरवे यांच्या चित्रांतले पुष्कळ आकार या फिकट चौकोनाच्या जातीचे आहेत.

आणि अक्षरे. ‘अल्फाबेट्स ऑफ नेचर’ या चित्राच्या नावातच निसर्गाची मुळाक्षरे आहेत. पान, बी, दगड, पीस ही त्यांना लिपीसारखी वाटत. एकेकटे अक्षर काही सांगत नाही, शेजारी दुसरे आले की शब्द होतो. तसेच एक वस्तू एकटी मूक असते आणि दुसरी वस्तू विशिष्ट अंतरावर ठेवली की दोघींमध्ये काहीतरी घडते. म्हणून त्यांच्या चित्रांतल्या वस्तूंची गोष्ट शोधत बसणे फारसे उपयोगी नाही. घड्याळ म्हणजे मृत्यू, पान म्हणजे जीवन, असे कोष्टक तयार केले तर ते ज्या तंत्रचिन्हांपासून दूर गेले होते तिथेच त्यांना परत नेऊन बसवल्यासारखे होईल. प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत हे अनेकदा घडते.

या चित्रांत दारिद्र्याचे कौतुक नाही, हेही नोंदवायला हवे. जुन्या, मोडक्या, गंजक्या वस्तू दाखवून पाहणाऱ्याचे मन हळवे करण्याचा प्रकार कलेत खूप चालतो. बरवे यांच्या वस्तू करुणा मागत नाहीत. त्या स्वच्छ, कोरड्या आणि काहीशा तटस्थ आहेत.

ऑइल पेंटच का?

बरवे यांची बहुतेक प्रसिद्ध चित्रे कॅनव्हासवर एनॅमल रंगात आहेत. एनॅमल म्हणजे रंगाच्या दुकानात ज्याला सरसकट ऑइल पेंट म्हणतात तो. खिडक्यांचे गज, लोखंडी कपाटे, पत्र्याच्या ट्रंका आणि दुकानांच्या पाट्या यानेच रंगवल्या जातात. लाकडी होड्यांनाही तेलरंगच लागतो. चित्रकाराचे नळीतले तैलरंग महाग आणि प्रतिष्ठेचे. डब्यातला ऑइल पेंट रंगाऱ्याचा.

या रंगाचा स्वभाव वेगळा आहे. तो पातळ असतो, लावल्यावर स्वतःच पसरून सपाट होतो आणि ब्रशचे फटकारे त्यात फारसे उरत नाहीत. वाळल्यावर त्याला गुळगुळीत चकाकी येते. भावनेच्या भरात मारलेला जोरकस हात दाखवायचा असेल तर हा रंग निरुपयोगी. चित्रकाराचा हात दिसूच नये, वस्तू जणू आपोआप तिथे आली असे वाटावे, यासाठी मात्र उत्तम. त्यात एक धोकाही असतो. पसरणारा रंग नेमक्या रेषेवर थांबवायला हात कमालीचा स्थिर लागतो. पाट्या रंगवणारे जुने पेंटर हे जाणतात. बरवे यांच्या चित्रातली पानाची कड जवळून पाहिली तर तीच शिस्त तिथे दिसते.

दुर्लक्षित वस्तूंची चित्रे काढायला त्यांनी रंगही दुर्लक्षित घेतला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण निवड भावनिक असण्यापेक्षा व्यवहारी वाटते. हवा तो सपाटपणा ज्या रंगातून मिळतो तो रंग, मग तो कुठल्या दुकानात मिळतो याला महत्त्व नाही.

हे परदेशी कलेचे अनुकरण होते का?

हा आक्षेप भारतीय आधुनिक चित्रकारांवर नेहमी घेतला जातो. नित्याच्या वस्तूला कलेत आणण्याचा इतिहास युरोपात मोठा आहे. मार्सेल द्यूशाँ याने १९१७ मध्ये बाजारातले मुतारीचे भांडे शिल्प म्हणून प्रदर्शनासाठी पाठवले आणि गहजब झाला. इटलीच्या बोलोन्या शहरात जॉर्जो मोरांदी आयुष्यभर त्याच त्या बाटल्या आणि बरण्या रंगवत राहिला. बेल्जियमच्या रेने माग्रित याने सफरचंद, टोपी आणि ढग यांना अशक्य जागी ठेवले. बरवे यांच्या चित्रांकडे पाहून माग्रितची आठवण होणे साहजिक आहे.

पण फरक ठळक आहे. द्यूशाँचा हेतू प्रतिष्ठितांना डिवचण्याचा होता, बरवे कुणाला डिवचत नाहीत. माग्रितच्या चित्रात धक्का आणि कोडे असते, खोलीला भिंती आणि आकाशाला खोली असते. बरवे यांनी ती खोलीच काढून टाकली. मोरांदी त्यातल्या त्यात स्वभावाने जवळचा, मात्र त्याच्या बाटल्या कायम टेबलावर उभ्या आहेत.

साधर्म्यच शोधायचे तर ते परदेशात शोधण्याऐवजी मराठीत शोधता येते. जे.जे.चेच विद्यार्थी असलेले आणि जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले अरुण कोलटकर त्याच काळात मुंबईत कविता लिहीत होते. काळा घोडा परिसरातल्या उपाहारगृहात बसून रस्त्यावरचे कुत्रे, कचरा आणि फुटपाथवरची माणसे ते न्याहाळत. त्यातून झालेला ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह २००४ मध्ये आला. दोघेही उपजीविकेसाठी नमुने आणि जाहिराती करणारे, दोघेही कमी बोलणारे आणि दोघांचीही नजर जमिनीवर पडलेल्या गोष्टींवर. कोलटकरांच्या वस्तूंना गर्दी आणि गोंगाट आहे, बरवे यांच्या वस्तूंना एकांत. शहर मात्र एकच.

‘कोरा कॅनव्हास’मध्ये काय आहे?

मराठीत चित्रकारांनी लिहिलेली पुस्तके आहेत, पण त्यांत आठवणी आणि माणसे अधिक. चित्र मनात कसे तयार होते, याविषयी चित्रकाराने स्वतः केलेला सलग विचार दुर्मीळ. बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध झाले आणि त्याने ही उणीव बरीच भरून काढली. शांता गोखले यांनी पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

पुस्तकाचा विषय नावातच आहे. रंग लावण्याआधीचा पांढरा कॅनव्हास रिकामा असतो का, हा त्यातला मूळ प्रश्न. वस्तू, तिचा आकार, तिच्याभोवतीचा अवकाश आणि पाहणाऱ्याचे मन यांचे नाते ते टप्प्याटप्प्याने तपासत जातात. भाषा साधी आहे, संस्कृत पारिभाषिक शब्दांचा भार कमी आहे. वाचकाला मात्र सावकाश वाचावे लागते, कारण प्रत्येक परिच्छेदात विचार एकच पाऊल पुढे जातो. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांत हे पुस्तक हातोहात फिरले.

त्यामागे डायऱ्यांची सवय होती. बरवे अनेक वर्षे नियमित डायऱ्या लिहीत. त्यांत छोटी रेखाटने, सुचलेल्या आकारांच्या नोंदी आणि एखाद्या वस्तूविषयीचे टिपण, असे सगळे एकत्र असे. चित्र काढण्याआधी वस्तूकडे किती वेळ पाहायचे असते, याचा हा लेखी पुरावाच आहे. तयार चित्र पाहणाऱ्याला ते सहज सुचले असे वाटते. डायऱ्या पाहिल्या की तो समज टिकत नाही.

मान्यता मिळाली, पण प्रसिद्धी का नाही?

बरवे उपेक्षित राहिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९७६ मध्ये त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत सुरू झालेल्या केमोल्ड गॅलरीने त्यांची प्रदर्शने भरवली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरी सोडून ते पूर्णवेळ चित्रकार झाले आणि पुढची दहा-बारा वर्षे त्यांच्या कामाचा सर्वांत परिपक्व काळ ठरला. ६ डिसेंबर १९९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा ते ५९ वर्षांचे होते.

पुढे दोन हजारच्या दशकात भारतीय चित्रांचे भाव गगनाला भिडले, हुसेन, रझा, तय्यब मेहता, गायतोंडे यांचे लिलावातले आकडे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागले. तो बहर पाहायला बरवे नव्हते. शिवाय त्यांची चित्रे ओरडून लक्ष वेधत नाहीत. मोठ्या दिवाणखान्यात भिंतीवर लावल्यावर लांबून ओळखू येणारी सही, ठसठशीत घोडे किंवा बिंदू त्यांच्याकडे नाहीत. त्यांनी स्वतःच ते दूर ठेवले होते. एका अर्थी सत्तरच्या दशकातल्या त्या निर्णयाची ही किंमत होती.

२०१९ मध्ये त्यांचे नाव बातम्यांत का आले?

निधनानंतर तेवीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरवे यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. नाव होते ‘इन्साइड द एम्प्टी बॉक्स’, म्हणजे रिकाम्या खोक्याच्या आत. बोधना या कलासंशोधन संस्थेच्या जेसल ठक्कर यांनी त्याची मांडणी केली होती. सुरुवातीच्या चित्रांपासून तंत्राच्या टप्प्यासह अखेरच्या एनॅमल चित्रांपर्यंत सारे एकत्र होते. डायऱ्याही होत्या. कोलटकर ज्या चौकात बसत त्या काळा घोड्यापासून हे संग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे.

८ फेब्रुवारीच्या उद्घाटनाला अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर पाहुणे होते. ते स्वतः जे.जे.चे विद्यार्थी आणि चित्रकार. भाषणात त्यांनी संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त होण्याचा मुद्दा काढला आणि सांस्कृतिक मंत्रालयाच्या धोरणावर टीका केली. प्रदर्शनाच्या विषयापुरते बोलावे असे सांगून त्यांना व्यासपीठावरून वारंवार थांबवण्यात आले. चित्रफीत देशभर पसरली. अभिव्यक्तिस्वातंत्र्य, सरकारी संस्थांमधला हस्तक्षेप आणि पाहुण्याने काय बोलावे, यावर कित्येक दिवस वाद झाला. वाद गरजेचाच होता. संग्रहालयात काय लागणार हे दिल्लीत ठरणार की शहरातल्या कलावंतांचे त्यात काही चालणार, हा प्रश्न बरवे यांच्यासारख्या चित्रकारांसाठी जिवाचा आहे, कारण बाजार त्यांना आपणहून पुढे आणत नाही.

एवढे मात्र झाले, की त्या आठवड्यात बरवे यांचे नाव लाखो लोकांनी ऐकले आणि त्यांचे चित्र त्यातल्या फार थोड्यांनी पाहिले. बातम्यांत ते ज्यांच्या प्रदर्शनात वाद झाला ते चित्रकार एवढेच उरले.

ही चित्रे आता कुठे पाहता येतात?

बरवे यांची चित्रे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असलेल्या जहांगीर निकल्सन संग्रहातही त्यांचे काम आहे. मात्र संग्रहात असणे आणि भिंतीवर असणे यात फरक असतो. जाण्याआधी कोणती चित्रे लावली आहेत याची चौकशी केलेली बरी. ‘किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स’ न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रे संग्रहात आहे. जपानमधल्या हिमेजी इथल्या ग्लेनबारा संग्रहालयानेही बरवे यांची चित्रे आवर्जून जमवली. तिथले संग्राहक मासानोरी फुकुओका यांनी गायतोंडे आणि बरवे यांची चित्रे घेतली तेव्हा भारतात त्यांना फारसे गिऱ्हाईक नव्हते.

पालीहून भाईंदर स्थानक आणि तिथून लोकलने चर्चगेट गाठले, की निकल्सन संग्रह आणि आधुनिक कला संग्रहालय ही दोन्ही ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सोमवारी जाण्याआधी आधुनिक कला संग्रहालय उघडे आहे ना, ते पाहावे.